पीडब्ल्यूडीची कामं केलेल्या ठेकेदारासाठी एमईएसचं काम वेगळं कुठे पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पीडब्ल्यूडी आणि जिल्हा परिषदेच्या इमारती बांधल्या आहेत, आता एमईएसचं, म्हणजे लष्कराची बांधकामं करून घेणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचं, टेंडर भरायचं आहे. तिथलं व्यवस्थापन कसं चालतं, हल्ली काय बदललंय आणि नवखा ठेकेदार अडकतो कुठे?

काँक्रीट तेच, लोखंड तेच, आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकंही तीच. फरक आहे तो माणसांत. लष्कराच्या कामात इमारत वापरणारा एक, बांधून घेणारा दुसरा आणि बिलाची तपासणी करून पैसे देणारा तिसरा असतो. वापरणारं असतं युनिट, म्हणजे एखादी पलटण, रुग्णालय किंवा प्रशिक्षण केंद्र. बांधून घेणारे गॅरिसन इंजिनिअर, म्हणजे जीई. पैसे जातात ते संरक्षण लेखा विभागाच्या तपासणीतून. तुमचा करार यांपैकी युनिटशी अजिबात नसतो, पण रोज साइटवर येऊन बोलणारे मात्र युनिटचेच लोक असतात. एमईएसमध्ये बुडालेले बहुतेक ठेकेदार याच फटीत बुडाले, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घ्या. स्टोअरचं दार उत्तरेला दाखवलं आहे. युनिटचे सुभेदार साहेब येतात आणि म्हणतात, गाडी लागत नाही, दार पूर्वेला घ्या. मागणी रास्त असते, माणूस भला असतो, तुम्ही घेता. बिलाच्या वेळी जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, विचारतात, डीओ कुठे आहे? डीओ म्हणजे डीव्हिएशन ऑर्डर, फेरबदलाचा लेखी आदेश. सामान्य अटींचा जो छापील फॉर्म आहे, आयएएफडब्ल्यू-२२४९, त्यातली अट ७ फेरबदलांची आहे. लेखी आदेशाशिवाय केलेला बदल त्या अटीत बसत नाही, मग पैसे मिळणं दूरच, मूळ नकाशाप्रमाणे पुन्हा करून द्या असंही सांगितलं जाऊ शकतं. म्हणून युनिटकडून कुणीही काही सुचवलं की आदरानं ऐका, त्याच दिवशी जीईंना पत्र लिहा, ‘अशी मागणी आली आहे, आदेश द्यावा’, आणि आदेश येईपर्यंत त्या भागाला हात लावू नका.

यामागचं कारण कळलं की राग येत नाही. प्रत्येक इमारतीचं क्षेत्रफळ ‘स्केल ऑफ अकोमोडेशन’नं ठरलेलं असतं. कोणत्या हुद्द्याला किती चौरस मीटर, किती जवानांमागे किती शौचालयं, सगळं त्यात असतं. अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, गरज मान्य होते, जागा ठरते, अंदाजपत्रक बनतं, प्रशासकीय मंजुरी येते, तांत्रिक मंजुरी होते आणि मग टेंडर निघतं. ही वाट चालायला दोन-तीन वर्षंही लागतात. तोवर बोर्डावर बसलेले अधिकारी बदलून गेलेले असतात आणि नवीन कमांडिंग ऑफिसरांची गरज वेगळी असते. मंजुरीची रक्कम मात्र जुन्या गरजेवर बांधलेली असते.

आता टेंडर. पीडब्ल्यूडीत तुम्हाला बी-१ची टक्केवारी किंवा बी-२चे आयटम रेट यांची सवय आहे, दोन्हीत शेवटी प्रत्यक्ष मोजमापावर पैसे मिळतात. एमईएसच्या नवीन इमारतींसाठी अनेकदा आयएएफडब्ल्यू-२१५९ लावतात, म्हणजे नकाशे आणि स्पेसिफिकेशनवर ठोक रक्कम. तिथे परिमाणं काढायची जबाबदारी तुमची. आतलं प्लास्टर ४,००० चौरस मीटर धरलं आणि निघालं ४,६००, तर ते ६०० चौरस मीटर तुमच्या खिशातून. म्हणून दर भरण्याआधी पूर्ण टेक-ऑफ, म्हणजे नकाशांवरून परिमाणांचा हिशेब, दोन वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. एसएसआर म्हणजे एमईएसची प्रमाणित दरसूची. तिचा भाग १, जो स्पेसिफिकेशनचा आहे, तो विकत घेऊन ओळ न ओळ वाचा. ठेकेदार भाग २ मधले दर पाहतात आणि त्या दरात काय काय धरलेलं आहे ते सांगणारा भाग १ उघडतच नाहीत. शेड्यूल ए, म्हणजे टेंडरमधली कामांची यादी, तिच्या खालच्या टिपा तर बोट ठेवून वाचाव्यात, कारण डीव्हिएशनची मर्यादा आणि एसएसआरमध्ये नसलेल्या आयटमचे ‘स्टार रेट’ कसे काढायचे, यांसारख्या गोष्टी टेंडरच्या कागदांतच ठरतात. टेंडर संरक्षण खात्याच्या डीईएफप्रोक पोर्टलवर दोन लिफाफ्यांत भरायचं असतं, ती प्रक्रिया महाटेंडर्ससारखीच आहे, त्यात अडचण येणार नाही.

खरी अडचण फाटकावर आहे. प्रत्येक मजुराला पास लागतो, पाससाठी पोलीस पडताळणी, आणि परराज्यातल्या मजुराची पडताळणी त्याच्या गावच्या ठाण्यापर्यंत जाऊ शकते. काम सुरू करण्याचा आदेश हातात पडल्यावर अर्ज गोळा करायला बसलात तर पहिला महिना फुकट जाईल. टेंडर लागण्याची चिन्हं दिसताच मुकादमाकडून सगळ्यांची कागदपत्रं घ्या आणि गरजेपेक्षा किमान पाऊणपट जास्त माणसांचे पास काढा, कारण होळी-छटला गेलेला मजूर परत येईलच असं नाही आणि नवा माणूस दुसऱ्या दिवशी आत येऊ शकत नाही.

स्लॅबच्या दिवशी हेच फाटक काँक्रीटचा वेग ठरवतं. समजा १२० घनमीटरचा स्लॅब आहे. ६ घनमीटरचे २० ट्रान्झिट मिक्सर. प्रत्येकाची नोंद आणि तपासणी १५ मिनिटं चालली आणि एका वेळी एकच गाडी तपासली गेली, तर तासाला चारच गाड्या, म्हणजे २४ घनमीटर. पंप कितीही मोठा आणा, पाच तासांच्या आत काम संपणार नाही. त्यात आयएस ४९२६ सांगतो की पाणी घातल्यापासून दोन तासांत मिक्सर रिकामा व्हायला हवा. हडपसरच्या प्लांटवरून दुपारच्या गर्दीत निघालेली गाडी फाटकावर अर्धा तास थांबली की ड्रायव्हर पाणी ओततो आणि तुमचे क्यूब, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे ठोकळे, नापास होतात. यावर उपाय साधे आहेत. गाड्यांचे क्रमांक आणि ड्रायव्हरांची नावं, दोन-तीन राखीव धरून, दोन दिवस आधी जीई ऑफिसमार्फत फाटकावर पोचवा. त्या दिवशी तुमचा एक जबाबदार माणूस फाटकावरच उभा ठेवा. प्लांटवाल्याला बजावा की ड्रायव्हर बदलायचा नाही. काम मोठं असेल तर आतच बॅचिंग प्लांट लावायची परवानगी मागा. संध्याकाळी बाहेर पडायची वेळ ठरलेली असते, ती उलटून काम करायचं असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते, आणि बांधकाम सांधा कुठे घ्यायचा हे स्लॅब सुरू होण्यापूर्वीच नकाशावर ठरलेलं असावं.

क्यूबचं म्हणाल तर आयएस ४५६ प्रमाणे १२० घनमीटरला सहा नमुने, म्हणजे १८ क्यूब. सात दिवसांचे वेगळे. साचे आधीच पुरेसे आणून ठेवा, ऐनवेळी बाहेरून आणायचे म्हटले तर पुन्हा फाटक आहेच.

सिमेंटचा हिशेब इथे फार कडक असतो. गोदामाला दोन कुलपं, एक किल्ली तुमच्याकडे, एक जेईंकडे. किती गोण्या आल्या, किती कामावर गेल्या, किती उरल्या याची रोजची नोंद आणि दोघांच्या सह्या. कंपनी मान्यताप्राप्त यादीतलीच हवी, खरेदीची मूळ बिलं आणि चाचणी प्रमाणपत्रं जोडायची आणि त्याशिवाय प्रयोगशाळेत वेगळी चाचणी. काम संपल्यावर परिमाणांवरून निघणारं सिमेंट आणि बिलांवरचं सिमेंट जुळलं नाही तर अंतिम बिल थांबतं. नवखे लोक इथे एक चूक करतात: पुण्यातल्या दोन साइटसाठी एकत्र सिमेंट घेतात आणि बिल एकच असतं. या कामाचं सिमेंट वेगळं, बिल वेगळं, बिलावर करारक्रमांक घातलेलाच हवा.

झाकलं जाणारं काम पास झाल्याशिवाय झाकायचं नाही हा नियम पीडब्ल्यूडीतही आहे, पण इथे तो खरोखर पाळतात. खोदाईचा तळ, पीसीसी (सळईविना काँक्रीट), सळई, शटरिंग, जमिनीखालच्या पाइपांची चाचणी, प्रत्येक टप्प्याला रजिस्टरमध्ये सही. तपासणीची विनंती आदल्या दिवशी लेखी द्या. फोटोंवर विसंबू नका. लष्करी हद्दीत फोटो काढायला परवानगी लागते आणि परवानगीशिवाय काढलेला फोटो पुरावा ठरण्याऐवजी तुमच्यावरच उलटतो. त्यामुळे पुरावा म्हणजे रजिस्टर, साइट ऑर्डर बुक आणि पोच घेतलेलं पत्र.

पुणे-खडकी-देहूरोडसारख्या जुन्या छावण्यांत जमिनीखाली काय आहे याचा पूर्ण नकाशा मिळेलच असं नाही. इंग्रजांच्या काळातल्या बिडाच्या पाण्याच्या लाइनी, नंतरच्या विजेच्या केबली आणि सिग्नलच्या केबली एकमेकांवरून गेलेल्या असतात. पाण्याची लाइन तुटली तर भरपाई देऊन सुटता येतं. सिग्नलची केबल तुटली तर चौकशी लागते आणि साइट बंद पडते. जेसीबी लावण्याआधी आखणीच्या रेषेवर दर दहा-पंधरा मीटरला हातानं सव्वा मीटर खोल चर मारून बघा, आणि युनिट, सिग्नल व एमईएस यांच्या माणसांना बोलावून संयुक्त टिपणावर सह्या घ्या. काळी माती असेल तर तिच्या खालच्या मुरमाची पातळीही याच चरांत दिसते. खडक लागला तर त्याच दिवशी संयुक्त पातळ्या घ्या, कारण मऊ खडक की कठीण खडक हा वाद खड्डा भरल्यावर सुटत नाही.

पैशांची तऱ्हा अशी. चालू बिलाला इथे आरएआर म्हणतात. जेई, एजीई (सहायक गॅरिसन इंजिनिअर), जीई आणि लेखा अशी त्याची वाट आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे मोकळे होतात आणि एप्रिल-मे-जूनमध्ये आटतात. अमेरिकेत लष्करी बांधकामासाठी मंजूर झालेला निधी साधारण पाच वर्षं वापरता येतो, आपल्याकडे वर्षाचा निधी वर्षात संपवावा लागतो, आणि आपल्या साइटवरची मार्चमधली धावपळ त्यातूनच येते. किमान तीन महिन्यांचा खर्च स्वतःच्या बळावर उचलता येत नसेल तर मोठं काम घेऊ नका. मार्चमध्ये न झालेलं काम झाल्यासारखं दाखवा असा मोह कुणी घातला तर साफ नकार द्या, तपासणीत ते उघडं पडतं.

मुदतवाढ त्याच २२४९ फॉर्मच्या अट ११ मध्ये आहे. जागा उशिरा मिळाली, झाडं तोडायची परवानगी आली नाही, फाटक सुरक्षेच्या कारणानं चार दिवस बंद राहिलं, नकाशा मिळाला नाही, प्रत्येक अडथळ्याची सुरुवात आणि शेवट तारखेनिशी कळवा. वर्षाअखेरीस एकगठ्ठा दिलेल्या पत्राला किंमत नसते. हेच कागद पुढे अट ७० खाली लवादात गेलात तर कामी येतात.

आता बदल. २०२० मध्ये संरक्षण खात्यानं बांधकामाची कार्यपद्धती, डीडब्ल्यूपी, नव्यानं आणली, आणि २०२१ मध्ये एमईएसचं प्रकल्प-देखरेख पोर्टल सुरू झालं. प्रगतीचे आकडे आता वरपर्यंत दिसतात. त्यामुळे बार चार्ट नावापुरता देऊन चालत नाही, पासच्या आणि परवानग्यांच्या मुदतीही त्यात घाला, म्हणजे उशीर कुणामुळे झाला ते तिथेच दिसेल. ईपीसी पद्धतीची कामं वाढत आहेत, ज्यात डिझाइनही तुमचंच. १८ महिन्यांच्या ईपीसी कामात पहिले चार महिने डिझाइन आणि त्याच्या तपासणीला जातात असं धरा, आणि युनिटची गरज त्याच काळात खोलीनिहाय लिहून जीईंच्या सहीनं गोठवून घ्या. नंतर ‘हे तर डिझाइनमध्ये यायलाच हवं होतं’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल बरंच बोललं जातं. डिसेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद छावणीत ७१ चौरस मीटरचं छापलेलं घर खुलं झालं, बांधायला १२ आठवडे लागले. कौतुकाची गोष्ट आहे, पण तुमच्या आकाराच्या ठेकेदारानं आज त्यासाठी यंत्र घेऊ नये. पीईबी (कारखान्यात बनवून साइटवर जोडायच्या पोलादी इमारती) आणि हलक्या पोलादी चौकटीची कामं मात्र शिकून घ्या, विशेषतः पुढेमागे लडाखला जायचा विचार असेल तर. तिथे काँक्रीटचा हंगाम साधारण मे मध्य ते ऑक्टोबर मध्य, म्हणजे पाच महिने. आदेश ऑगस्टमध्ये मिळाला तर पहिला हंगाम माल वर चढवण्यातच जातो. काँक्रीटची ताकद साधारण ३.५ मेगापास्कलला पोचण्याआधी ते गोठलं तर त्याचं कायमचं नुकसान होतं, नंतर कितीही क्युरिंग करा. म्हणून तिथे पाणी गरम करतात, हवा धरणारं अॅडमिक्श्चर वापरतात, रात्री ब्लँकेटनं झाकतात, आणि शक्य तेवढं काम खाली कारखान्यात करून वर फक्त बोल्ट आवळतात.

पहिल्याच फेरीत नवीन इमारतीचं २१५९ घेऊ नका. एका जीईंच्या हद्दीतलं दुरुस्तीचं टर्म काँट्रॅक्ट, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, घ्या. पैसे मोजमापावर मिळतात, रक्कम लहान असते, आणि वर्षभरात फाटक, रजिस्टरं आणि आरएआर या तिन्हींची सवय होते. नोंदणीचा अर्ज मात्र आजच करा, बँकेचं पतपत्र, झालेल्या कामांचे दाखले आणि पोलीस पडताळणी यांनाच काही महिने लागतात.