एमएससी झूऑलॉजी झालंय, खोल समुद्रातले जीव आणि त्यांची उत्क्रांती यात पीएचडी करायची आहे. भारतात स्कोप आहे की बाहेरच जावं?

स्कोप आहे. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही समुद्रयान (माणसांना खोल समुद्रात पाठवायची भारताची मोहीम) आणि तिच्या मत्स्य ६००० पाणबुडीचं नाव घेतलंय म्हणून आधीच सांगतो, ती पाणबुडी तीन माणसांची आहे, चेन्नईच्या एनआयओटीचं (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था) काम आहे ते, आपल्याला त्यात बसायला मिळेल या आशेवर पीएचडीला लागू नका.

मी गोव्यात याच लाइनमध्ये आहे, समुद्रतळाच्या चिखलातल्या किड्यांवर काम करतो. जहाजावर काय असतं तर बॉक्स कोअरर नावाचा लोखंडी डबा, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, तो पाच हजार मीटर खाली सोडायचा, खाली जाऊन वर यायला तीन-चार तास, आणि जहाज चोवीस तास चालतं त्यामुळे तो रात्री दोनला पण वर येतो. मग तो चिखल ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून थंड पाण्याने हळूहळू धुवायचा, पाइप जरा जोरात सोडला की किड्यांचे तुकडे. जे उरेल ते थंडगार इथेनॉलमध्ये, फॉर्मलिनमध्ये टाकलंत तर पुढे डीएनए काढताना बोंब. आणि मग महिनोन्महिने मायक्रोस्कोप. हे कंटाळवाणं वाटत असेल तर आत्ताच विचार करा, खरंच.

आता पैसा कुठून येतो ते बघा, कारण सीट्स तिथेच निघतात. मध्य हिंद महासागरात भारताकडे ७५,००० चौ. किमीचा पट्टा आहे, समुद्रतळावर पडलेल्या मँगनीजच्या गोट्यांसाठी (धातूंचे गोळे). उद्या खाणकाम करायचं तर आधी तिथे कोण राहतं ते नोंदवावं लागतं, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचा नियमच आहे तो. पॅसिफिकमधल्या अशाच पट्ट्यात २०२३ च्या एका अभ्यासात साडेपाच हजाराच्या आसपास प्रजाती मोजल्या गेल्या, त्यातल्या जवळजवळ ९० टक्क्यांना अजून नावच नाही! म्हणजे नाव देणारी माणसं हवीत. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनमध्येसुद्धा जैवविविधतेचा वेगळा भाग आहे.

भारतात मुख्य दोन ठिकाणं, गोव्यात दोनापावलाची एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (डिग्री एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीची मिळते) आणि कोचीची सीएमएलआरई, म्हणजे सागरी जीवांवरचं सरकारी केंद्र, त्यांच्याकडे सागर संपदा हे संशोधन जहाज आहे. दोन्हीकडे सीएसआयआर नेट जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) असेल तर निम्मं काम झालं, लाइफ सायन्सेसचा पेपर द्या, महिना ३७,००० अधिक घरभाडं मिळतं. प्रोजेक्टवर घुसून नंतर रजिस्ट्रेशन करणारेही असतात पण प्रोजेक्ट संपला की टांगणीला लागतात.

उत्क्रांतीच हवी असेल तर मात्र मी बाहेरचं बघा म्हणेन. आपल्याकडे प्रजातींच्या याद्या भरपूर होतात, वंशवृक्षावर काम करणारे गाईड कमी. जर्मनीत सेंकेनबर्ग, नॉर्वेत बर्गन, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम. जर्मनी-नॉर्वेत पीएचडी म्हणजे नोकरीच असते, पगार मिळतो, नेटबिट काही नाही, जाहिरात निघते तेव्हा अर्ज करायचा. आणि बाहेर गेलं म्हणजे हिंद महासागर सुटतो असंही नाही, जर्मनीचंही इथे समुद्रतळावरच्या सल्फाइड खनिजांच्या शोधाचं कंत्राट आहे. पायावर लोखंडाच्या सल्फाइडचे खवले असलेली ती गोगलगाय माहितीय ना, ती इथल्याच समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांवर २००१ मध्ये सापडली आणि खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत गेली.

गाईडला मेल करताना 'आय ॲम पॅशनेट अबाउट ओशन' वगैरे लिहू नका, रोज तसे ढीगभर येतात. प्राण्यांचा एक गट पकडा, पॉलिकीट (केसाळ समुद्री किडे), आयसोपॉड (छोटे कवचधारी), निमॅटोड (गोलकृमी) काहीही, गाईडचे त्यावरचे दोन पेपर वाचा आणि त्यावर प्रश्न विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुने आधीच फ्रीजरमध्ये आहेत का ते विचारून घ्या. 'पुढच्या वर्षी क्रूझ (नमुने गोळा करायची जहाजफेरी) आहे' असं उत्तर आलं तर सावध, जहाजाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि फेलोशिपची पाच वर्षं कोणासाठी थांबत नाहीत.