मधल्या खोलीची किल्ली

पत्र (थोडक्यात): मावशी, मी कऱ्हाडजवळ राहते. जुन्या साड्यांच्या गोधड्या ऑर्डरवर हाताने शिवून देते. दिवाळीनंतर मामंजींना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ते अंथरुणावरच आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. सासूबाईंचे गुडघे धरलेत. मुलगी दहावीला आहे. सगळं आवरून रात्री अकराला हॉलमध्ये गोधडी पसरते, साडेबाराला चारघडी घालून दिवाणाखाली सारते. एका ओळीला पाव तास लागतो, पण सकाळी बघावं तर खालच्या अंगाला चुण्या. मग उसवत बसायचं. एका गोधडीला दीड महिना झाला, अजून पाच ऑर्डरी अडकल्यात. एका बाळाचं बारसं होऊन गेलं तरी दुपटं दिलेलं नाही. सासूबाई म्हणतात, चिंध्यांपायी जिवाचा आटापिटा कशाला. हे खूप चांगले आहेत, "तुला झेपेल तसं कर" म्हणतात. जागाही नाही. मामंजींच्या कॉटसमोर मधली खोली आहे दहा बाय दहाची, पण ती भाऊजींची. ते मस्कतला असतात, गणपतीला येतात, एरवी कुलूप असतं, किल्ली देवघरात. त्यांना विचारणं बरं दिसत नाही. शिवण बंद करून टाकू का? – सुईदोरा

सुईदोरा,

शिवण बंद करायचं नाही. कुलूप काढायचं.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल तू अर्धं पान लिहिलंस, मुलीच्या गणिताबद्दल अर्धं. मधली खोली मात्र शेवटी दोन ओळींत उरकलीस. मला तुझ्या पत्रात तेवढ्याच दोन ओळी दिसतात. वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या खोलीच्या बाहेर तू मध्यरात्री साडेसात फुटी गोधडी उलगडतेस आणि दीड तासाने घडी घालून ठेवतेस. तुझा उशीर, तुझ्या चुण्या, तुझी चिडचिड, सगळं तिथून येतंय.

चुण्या तुझ्या हाताच्या दोषाने पडत नाहीत. पाच साड्यांचे पाच थर आहेत. जिथे धावदोरा पडलाय तिथे ते एकमेकांना धरून असतात, पुढे सगळे सुटे. चारघडी घातली की बाहेरच्या थराला वळण लांब पडतं, आतल्याला आखूड, आणि सुटे थर बोटभर सरकतात. दुसऱ्या रात्री तू वरचा थर ताणून सरळ करतेस, कारण तो दिसतो. खालचा गोळा झालेला तसाच राहतो. वर टाका बसला की चुणी पक्की. उसवलं तरी भागत नाही, कारण जुनी साडी फार वेळा उसवू देत नाही. विरलेल्या सुतात सुईची भोकं पसरतात आणि शेवटी कापड ओळीवरच फाटतं. गिऱ्हाईक आजीची साडी घेऊन येतं, तशी दुसरी मिळत नसते.

म्हणून गोधडीला पसरलेली राहील अशी जमीन लागते. साडेसात बाय साडेसातच्या गोधडीभोवती बसाय-उठायला धरून नऊ बाय नऊ जागा पुरते. दहा बाय दहाची खोली तुझ्या घरात आहे. भाऊजींचा पलंग भिंतीला उभा कर, त्यांच्या कपाटाला हात लावू नकोस.

आता हिशेब बघ. इंचभर अंतराने ओळी घेतल्या तर ९० इंचात ९० ओळी. तुझ्याच पाव तासाच्या मापाने साडेबावीस तास. दोनशे मीटरच्या वर टाके होतात, काम मोठंच आहे, पण दीड महिन्याचं नाही. रात्रीच्या दीड तासात मांडण्या-उचलण्यात अर्धा तास जातो, हातात चार ओळी पडतात आणि सकाळी त्यातली एखाद-दुसरी उसवतेस. त्या खोलीत दिवसा दोन तासांच्या दोन बैठकी बसलीस, तर आठ आणि आठ सोळा ओळी होतात. सहा दिवसांत गोधडी हातावेगळी.

आणि मामंजी? कॉटसमोरच दार आहे असं तूच लिहिलंस. आठ ओळी झाल्या की दोन तास झाले, सुई टोचून ठेव, ऊठ, त्यांची कूस बदल. पाठीला, टाचांना, माकडहाडाला कुठे लाली दिसते का बघ. दाबल्यावरही लाली जात नसेल तर त्या अंगावर त्यांना पुन्हा निजवू नकोस आणि डॉक्टरांना कळव. त्या निमित्ताने तुझंही कंबरडं मोकळं होईल. त्यांनी हाक मारली तर तुला ऐकू येईल, आणि तू त्यांना दिसशील. रात्री मात्र झोप, कारण रात्रीही कूस बदलायला तुला उठावं लागतंच. ती पाळी आता एकाआड एक रात्र तुझ्या नवऱ्याने घ्यायची.

हो, त्याच्याबद्दल. "खूप चांगले आहेत" असं तू लिहिलंस. मी त्याला तेवढं देणार नाही. "तुला झेपेल तसं कर" यात त्याने काय उचललं? सगळं तुझ्यावर टाकलं आणि परवानगी दिल्याचं पुण्य घेतलं. भाऊ त्याचा, खोली त्याच्या घरातली, एक फोन त्याने केला असता तर दीड महिना वाचला असता.

भाऊजींचीही मी बाजू घेणार नाही, जरी त्या बिचाऱ्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या वडिलांची कूस तू बदलतेस. त्यांच्या आईच्या गुडघ्यांना तेल तू लावतेस. बंद खोली वापरू देणं हे त्यांचे उपकार होत नाहीत. आणि तुला नकार कुणी दिलाय? कुणीच नाही. विचारलंच नाहीस, आणि बरं दिसणार नाही म्हणून पाच माणसांच्या घरात एकटी दिवाणाखाली वाकतेस.

तेव्हा आज रात्री गोधडी काढू नकोस. फोन काढ. नवऱ्याच्या मार्फत नको, तू स्वतः बोल. "विचारायचं होतं" अशी सुरुवात करू नकोस. म्हण, "भाऊजी, मधली खोली मी उद्यापासून शिवणाला घेतेय. मामंजींजवळ बसता येतं. तुमचं कपाट तसंच राहील. गणपतीच्या आठ दिवस आधी खोली झाडून, पलंग टाकून ठेवीन." एवढंच. भाडं, व्यवसाय, किती पैसे मिळतात, काही सांगत बसू नकोस. आपल्याकडे खोली म्हटलं की बळकावण्याची शंका येते, जावेलाही येईल. म्हणून किल्ली वापरून झाली की देवघरात जिथे होती तिथेच ठेव. सासूबाईंना ती रोज दिसू दे. त्या कुरकुरल्या तर कुरकुरू देत.

उद्या सकाळी खोली उघडलीस की अर्धवट गोधडी आधी पसर. उसवणं पुरे. शिवलेला भाग तसाच ठेव, न शिवलेल्या भागाचे थर एकेक करून मागे टाक आणि खालून वर पुन्हा बसव. तळहात मधून कडेकडे फिरव, वरचा थर ओढू नकोस. चार कोपऱ्यांवर वजन दे, पाटा-वरवंटा, खलबत्ता, जे असेल ते. मग लांब सुईने कच्चे टाके घाल, शिवलेल्या कडेपासून पुढे, वीतवीतभर अंतरावर, उभे आणि आडवे दोन्ही. हे टाचणं तू टाळत होतीस असं मला वाटतं, कारण रात्रीच्या दीड तासात त्याला वेळच नव्हता. टाचून झाल्यावर मग गोधडी सरकली तरी थर सरकत नाहीत. गणपतीत खोली सोडावी लागली तर चारघडी न घालता, टाचलेल्या गोधडीची सतरंजीसारखी वळकटी कर.

पुढच्या गोधड्यांना पहिल्यापासून मधून सुरू कर. एका कडेने ओळी घेत गेलं की जास्तीचं कापड पुढे लोटलं जातं आणि शेवटच्या कडेला फुगा धरतं. पूर्वीच्या बायका कडेने आत जात, पण तीन-चार जणी चारी बाजूंनी गोधडीवरच बसलेल्या असत, त्यांच्या वजनाने थर ताणून राहत. तू एकटी आहेस.

साडीचं गणित तुला माहीत असेलच, तरी ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला सांगत जा. सहावारी साधारण १८ फूट. साडेसात फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर झाला, उरतो तो पदर. जरीचा पदर थरात घालू नकोस, सुई अडते आणि धुतल्यावर तो वेगळाच आकसतो. कोपऱ्यांना, पट्टीला वापर. इरकलीचा पदर तर मुळात वेगळा जोडलेलाच असतो, त्या जोडावरच काप. सुती थरांमध्ये सिंथेटिक साडी मधे आली की बाकीचे तिच्यावरून घसरतात, ती परत कर किंवा फक्त वरच्या ठिगळांना घे. लाल आणि जांभळ्या साडीवर ओला पांढरा फडका चोळून बघायचा. रंग लागला तर पांढऱ्या साडीजवळ ती ठेवायची नाही.

आणखी एक. मामंजींच्या अंगाखाली तुझी गोधडी असेल तर ती काढ. माझा तुझ्या कामावर जीव आहे, तरी सांगते. धाव्याच्या ओळी, गाठी, जोड हे सगळं हलता न येणाऱ्या माणसाच्या कातडीला टोचतं, आणि पाच थर एकदा ओले झाले की लवकर वाळत नाहीत. खाली मऊ, ताणून बसवलेली चादर हवी. गोधडी अंगावर घाल.

मुलीचं फारसं सांगत नाही. संध्याकाळी तू उठलीस की ती त्याच खोलीत अभ्यासाला बसेल, दार लावता येतं.

कामांचा क्रम असा लाव: दुपटं आधी. बारसं झालं असलं तरी बाळ आहेच. तीन फूट बाय तीन फूट, तीनच थर, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे. गाठी थरांच्या आत ओढून घे, वर एकही राहता कामा नये, बाळाची बोटं दोऱ्यात अडकतात. शिवायला साडेतीन तास, म्हणजे खोलीतल्या पहिल्याच दिवसाच्या दोन बैठकी. मग एकदा धुऊन उन्हात वाळव. भाऊजींशी बोलून झालं की लगेच बाळाच्या घरी फोन लाव आणि चार दिवसांनंतरचा एक वार सांग. घरातलं आजारपण सांगू नकोस, पैसे कमी करते असंही म्हणू नकोस. उशीर झाला, माफ करा, आणि अमुक वारी देते, बस.

– मावशी