ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मिसरी लावली तर थांबेल का? आणि मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात, हे खरं आहे का? टूथपेस्ट कोणती वापरू?

मिसरीने रक्त कमी होईल. म्हणूनच लावू नका.

तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी येतं, सूज दिसत नाही, हिरडी वरून घट्ट वाटते. आत हाड झिजायचं ते झिजतच असतं.

पारोळ्यात माझं मेडिकल आहे. हिरडीला लावायचं औषध मागणारं कुणी ना कुणी रोज येतं, त्यामुळे विषय माहितीतला आहे. पण हे उत्तर लिहायला बसलो ते आमच्या मामांमुळे.

आई घरीच तव्यावर तंबाखू भाजायची. घरभर ठसका. काळी झाली की कुटून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झालं की, रात्री अंथरुणावर बसून, बोट फिरतच असायचं. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही आणि ब्रशवाल्या सुनांना ती हे ऐकवायची. मग एकाएकी कळण्याची भाकर दुधात भिजवून खायला लागली. विचारलं तर म्हणे, "मन्हा दात शेतस, तुना नही."

तरी धुळ्याला नेलीच. डॉक्टरबाईंनी खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मधे घातली. चांगल्या हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. बाई असिस्टंटला आकडे सांगत होत्या, "सहा, सात, सात." एक्स-रेत पुढच्या दातांची मुळं निम्मी उघडी, हाडच उरलेलं नाही. मग मशीन लावली. खालच्या दातांच्या मागचं किटण एका तुकड्यात निघालं, चार दातांना मिळून एकच पट्टी. स्टीलच्या ट्रेत टक्‌कन वाजलं. आईने ते बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. बाहेरून तपकिरी, आतून खडूसारखं.

घरी येईपर्यंत ते दात जास्तच हलायला लागले. झालं. मामा म्हणाले, "चांगले दात मशीन लावून ढिले करून आणले." तेव्हापासून आमच्याकडचं एक लग्न, एक साखरपुडा असा गेला नाही जिथे पंगतीत हे वाक्य निघालं नाही.

तर मामा, ऐका. बुडाची माती वाहून गेलेली केळ टेकूवर उभी असते. टेकू काढला की ती डुलते, म्हणून माती टेकूवाल्याने नेली का? किटणाने दात एकमेकांना चिकटून होते, एवढंच. त्याच किटणाच्या आधाराने जंतू हिरडीखाली शिरत होते आणि त्याने हाड खाल्लं. मशीनचं टोक फक्त थरथरतं आणि किटण सुटतं. दाताचा भाग जात नाही. नंतर फटी दिसतात, कारण त्या आधीच होत्या, किटणाने बुजलेल्या. काही दिवस गार पाणी दातांना झोंबतं, ते जातं.

आईने मिसरी सोडली तेव्हा तर गंमतच झाली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मामांना आयतंच सापडलं, "बघा, सोडली आणि रोग आला." अहो, तंबाखू सुटली की रक्तपुरवठा पूर्ववत होतो, आधी दबलेलं आता दिसतं. त्या ढिल्या दातांपैकी दोन काढावे लागले, बाकीचे तिच्या तोंडात आहेत. गेलेलं हाड मात्र परत येत नाही.

तुमचं एवढं झालेलं नसावं. नुसती हिरडी सुजून रक्त येतंय तोवर सगळं परतीच्या वाटेवर आणता येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. म्हणून रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नाही. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने, आणि दातांच्या मधलंही साफ करायचं. दगड झालेलं किटण ब्रशने, मिठाने, कोळशाने निघत नाही, ते डॉक्टरच काढतात. धुळ्यात डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा.

माऊथवॉश मी विकतो, तरी सांगतो, त्याच्या भरवशावर राहू नका. क्लोरहेक्सिडिनवालं जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात. टूथपेस्ट फ्लोराइडवाली कुठलीही.

शुगर असेल तर आधी ती तपासा. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा आजार शुगर आटोक्यात येऊ देत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणात हिरड्या सुजतात, त्यातही साफसफाई करून घेता येते. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच दाखवा, तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच.

आणि हो, काही औषधांनीही हिरड्या फुगतात. फिटची फेनिटॉइन, बीपीची ॲम्लोडिपिन. मामांची बीपीची गोळी तीच आहे, माझ्याच दुकानातून जाते. त्यांच्या हिरड्या फुगल्यात, त्याचा दोष मशीनवर घालता येणार नाही, कारण मशीन त्यांनी अजून लावूच दिलेली नाही.