कोलेटसाठी इमर्जन्सी फंडाला हात लावू की ईएमआय घेऊ?

नमस्कार, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरी छोटा लेथ आहे, स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) बोअर, म्हणजे आरपार भोक, 20 एमएम, शेजारी छोटी मिलिंग मशीन, नोकरी सांभाळून पिना आणि बुशांचे लॉट करता. थ्री जॉ चकमध्ये (तीन जबड्यांच्या पकडीत) जॉब आउट, म्हणजे सेंटर सोडून फिरतो, म्हणून क्लोजरसकट (कोलेट आवळणाऱ्या यंत्रणेसकट) 5सी जातीच्या कोलेटांचा, म्हणजे बार सगळीकडून सारखा आवळून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या बाह्यांचा, पूर्ण सेट घ्यायचाय, पण त्यासाठी साठवलेले पैसे कमी पडतायत. मग उरलेले इमर्जन्सी फंडातून काढू की ईएमआय करू, असं विचारलंय.

दोन्ही नको. पण कोलेट मात्र घ्या, कारण तुम्हीच दिलेल्या आकड्यांत त्याचं उत्तर आहे. 20 नगांचा लॉट, प्रत्येक नग फोर जॉ चकमध्ये डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून सेंटरला आणायला 10 मिनिटं, म्हणजे 200 मिनिटं, 3 तास 20 मिनिटं नुसतं पकडण्यात गेली. कोलेटमध्ये नगाला 1 मिनिट धरलं तरी लॉटमागे 3 तास वाचतात. फक्त हे 3 तास पैशात तेव्हाच बदलतात जेव्हा त्या वेळात करायला पुढचं काम हातात असतं, आणि तुम्ही लिहिलंय की काम आलं तर महिन्याला दोन लॉट, नाहीतर दोन-दोन महिने काहीच नाही. कमाई अशी वर-खाली आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मग रिकाम्या महिन्यात तो पगारातूनच जाणार, म्हणजे घरखर्चातून. फंडाचंही तेच, तो आजारपणासाठी आणि नोकरी गेली तर त्यासाठी आहे, मशीन जास्त अचूक चालावी म्हणून नाही.

आता 5सी बद्दल, कारण इथे प्रश्न पैशाच्याही आधीचा आहे. 5सी कोलेटची बॉडीच 1.25 इंच, म्हणजे 31.75 एमएम. तुमच्या 20 एमएमच्या बोअरमध्ये ती जाणारच नाही, त्यामुळे मागून ड्रॉट्यूबने (स्पिंडलमधून जाणाऱ्या नळीने) ओढणारा क्लोजर तुमच्या लेथला बसत नाही. समोरून लावायचा 5सी चक मिळतो पण तो जड आणि लांब, छोट्या लेथच्या स्पिंडलवर तेवढं लटकवणं मला पटत नाही. शिवाय 5सी कोलेट आपल्या मापाच्या अगदी जवळचाच बार नीट धरतं, म्हणून मापागणिक वेगळं कोलेट लागतं, एमएमचा बार आला की एमएमचा सेट आणि इंचाचा आला की इंचाचा. एकदा त्यात शिरलात की खर्च थांबत नाही हो.

तुमच्यासाठी ईआर32 ही दुसऱ्या जातीची कोलेटं बरी. एक कोलेट साधारण 1 एमएम आवळतं, म्हणजे 10 चं कोलेट 9 पर्यंत येतं, आणि 20 एमएमपर्यंतची मापं मिळतात, तुमचा बोअर तेवढाच आहे. मुख्य फायदा हा की मिलिंगला ईआर32 चा होल्डर लावला की तीच कोलेटं एंड मिल (मिलिंगचं कटर) धरायलाही चालतात, एकाच खर्चात दोन मशीनी. (एंड मिल ड्रिल चकमध्ये धरत असाल तर ते आजच बंद करा, साइड लोडला ती सरकून खाली येते आणि जॉब जातो, बोटंही जाऊ शकतात.)

चक घेताना मोर्स टेपर शँकवाला (निमुळता दांडा स्पिंडलच्या भोकात बसणारा) घेऊ नका, स्वस्त दिसतो म्हणून मी आधी तोच घेतला होता. तो मागून ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) आवळावा लागतो, म्हणजे स्पिंडलचं भोक बंद, लांब बार आत जाईना, प्रत्येक नगाचा तुकडा आधी कापायचा आणि पकडायला ठेवलेलं टोक दरवेळी भंगारात. सहा महिन्यांत बॅकप्लेटवाला (मागच्या चकतीवर बोल्टने बसणारा) घेतला, म्हणजे पैसे दोनदा गेले. बॅकप्लेट आपल्याच लेथवर टर्न करून घ्या, रजिस्टरला (चक जिथे बसतो त्या गोल उंचवट्याला) किंचित सैल ठेवा, मग कोलेटमध्ये ग्राइंड केलेली पिन धरून डायल लावायचा, हलक्या हाताने टॅप करत काटा जवळजवळ स्थिर झाला की बोल्ट फायनल आवळायचे.

साठवलेल्या पैशाचे 100 भाग धरा. 60 चांगला चक, नट आणि बॅकप्लेटला. 25 कोलेटांना, पण पूर्ण सेट नाही, मागच्या दहा ऑर्डर काढून बघा कुठली मापं खरंच लागली, बहुतेक पाच-सहाच निघतील, तेवढीच चांगल्या प्रतीची घ्या. 15 भाग राहू द्या, मिलिंगच्या होल्डरला लागतील. स्वस्तातल्या पूर्ण सेटचा मोह मला कळतो, पण त्यातली निम्मी मापं डब्यातच राहतात आणि रोजची दोन-तीन मात्र झिजतात.

आणि हे सगळं घेण्याआधी स्पिंडलला हाताने वर-खाली जोर देऊन डायलवर प्ले (ढिलेपणा) बघा. बेअरिंग सैल असेल तर पैसे आधी तिकडे, कारण बेअरिंगचा प्ले कुठलंच कोलेट भरून काढत नाही.

वापरताना कोलेट आधी नटमध्ये तिरकं घालून कट्ट आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नटासकट चकवर लावायचं. सुटं कोलेट चकमध्ये ठेवून वरून नट फिरवला की ते वाकडं आवळतं, कडेची खाच खराब होते, आणि काढताना आत अडकून बसतं. आखूड नग धरायचा असेल तर मागच्या बाजूला त्याच मापाचा तुकडा घाला, ईआर दोन्हीकडून आवळतं, नुसतं पुढे धरलं तर तिरकं होतं. तुमचे बुश फार आखूड असतील तर हा त्रास रोजचा होईल, तिथे 5सी खरंच सरस आहे, पण त्यासाठी मोठ्या बोअरचा लेथ लागतो.

त्या लेथसाठी वेगळं खातं काढा. प्रत्येक लॉटचे पैसे आले की मटेरियल वजा करून उरलेल्यातला तिसरा हिस्सा तिथे टाका, काम नसलं त्या महिन्यात काही टाकू नका. खात्यात लेथची निम्मी किंमत जमली की त्या वर्षाच्या ऑर्डरींचा हिशोब घेऊन परत लिहा, तेव्हा कर्जाचं बोलू.