त्या गोळीने डोळे गेले का, मॅडम?

मी पुण्यात डोळ्यांच्या पेशंटचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. पडद्याचा आजार आहे आणि गेलेली नजर पूर्ण परत येणार नाही असं कळलं की माणसं माझ्यापर्यंत येतात. पुरुष पेशंट तासभर चष्म्याबद्दल, इन्शुरन्सबद्दल, मुलाबद्दल बोलतात आणि खरा प्रश्न निघताना चपला घालता घालता बाहेर येतो, की मॅडम, मी ती गोळी घेत होतो, त्यानेच झालं का हे?

या काकांचंही तसंच झालं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वय ६७, बँकेतून रिटायर, राहायला शनिपाराजवळ, रोज सकाळी पर्वती चढणारे. आधी त्यांनी रिसेप्शनला विचारलं की पुरुष समुपदेशक नाहीत का, नाहीत म्हटल्यावर दोन वेळा अपॉइंटमेंट पुढे ढकलली आणि तिसऱ्या वेळेला काकू हात धरून घेऊन आल्या. दोन्ही डोळ्यांत वयामुळे होणारं मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची (मॅक्युलाची) झीज, कोरड्या प्रकारची, असं वर्षभरापूर्वी निदान झालेलं. काकू म्हणाल्या, हे बोलतच नाहीत हो, बाहेरच्या खोलीत झोपतात, जेवून उठतात नि टीव्हीसमोर बसतात, टीव्ही बंद असला तरी.

काकूंना थोडा वेळ बाहेर बसा म्हटलं. दार लागल्यावर काकांनी खिशातून चष्म्याचा डबा काढला, त्यात फडक्याखाली एक स्ट्रिप होती, चारातल्या दोन गोळ्या वापरलेल्या, कोपरा कात्रीने कापलेला, म्हणजे नाव वाचता येऊ नये. सिल्डेनाफिल, लोक व्हायग्रा म्हणतात ती. दोन वर्षांपूर्वी फिजिशियननेच लिहून दिलेली, पण पडद्याच्या डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. निदान झालं त्या दिवसापासून गोळी बंद, आणि गोळीबरोबर काकूंच्या जवळ जाणंही बंद, तेही एक शब्द न सांगता. मग कट्ट्यावरच्या मित्राने फॉरवर्ड पाठवला की हीच गोळी डोळ्यातलं रक्त वाढवते, पडदा बरा होतो. एक म्हणतंय हिनेच आंधळा झालास, दुसरं म्हणतंय हिनेच बरा होशील, आणि काका मधल्या मधे रात्र रात्र जागे.

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते. मुळात छातीत दुखण्यावर म्हणून तिचं संशोधन सुरू झालं होतं, १९९८ मध्ये अमेरिकेत दुसऱ्याच कामासाठी मान्यता मिळाली. पडद्याखाली कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा थर असतो, मॅक्युलाच्या मधल्या भागाला मुख्यतः तिथूनच रक्त पोचतं, आणि या आजारात तो प्रवाह कमी झालेला दिसतो. म्हणून साहजिकच डॉक्टरांना वाटलं, वाहिन्या सैल केल्या तर फायदा होईल का, किंवा उलट नुकसान होईल का. आजार असलेल्या लोकांना एक डोस देऊन लेसरने मोजून पाहिलं तर मॅक्युलाखालच्या प्रवाहात दखल घेण्याइतका फरक पडला नाही. निरोगी डोळ्यात गोळीनंतर कोरॉइड थोडा जाड होतो हे स्कॅनवर दिसलंय. पण सगळं मिळून, हिने हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि हिने बरा होतो असंही नाही, मोजक्या पेशंटवर प्रयोग झालेत पण आज ही त्यावरची मान्य ट्रीटमेंट नाही.

मग काका म्हणाले, पण मला निळं निळं दिसायचं त्याचं काय. हे खरं होतं. गोळी ज्या एन्झाइमला अडवते त्याचा भाऊबंद पडद्याच्या पेशींत असतो, त्यालाही थोडा धक्का लागतो, त्यामुळे काही तास निळसर झाक, उजेड डोळ्यांवर येणं असं होतं, डोस जास्त तर जास्त, आणि सहसा आपोआप जातं. ते आणि मॅक्युलाचं झिजणं वेगळं. मात्र एका डोळ्याची नजर अचानक गेली तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटल्याच्या केसेसमुळे २००५ मध्ये हा इशारा गोळीच्या माहितीपत्रकात आला. घरात रेटिनायटिस पिगमेंटोजा (पडद्याचा आनुवंशिक आजार) कुणाला असेल तर तेही सांगायचं.

आजार कशाने होतो तर वय, घराण्याची जनुकं आणि सिगरेट. काकांनी तीस वर्षं ओढलेली, साठीला सोडलेली. हे मी हळूच सांगितलं, एक अपराध काढून दुसरा त्यांच्या गळ्यात बांधायचा नव्हता, सोडलीत हे फार चांगलं केलंत एवढंच म्हटलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीत बीटा कॅरोटीन नाही ना हे मात्र लेबलवर बघून घेतलं, कारण ते सिगरेट ओढलेल्यांना नको. २०१३ च्या मोठ्या अभ्यासानंतर त्याऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन आलंय.

आणि मग मी सहज विचारलं, खिशात अजून कुठली गोळी असते का. काकांनी पाकीट उघडलं, बसच्या पासमागे सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीच्या दुखण्यावरची नायट्रेटची गोळी. हार्टचा त्रास नाही, पण सोसायटीत कोणीतरी सांगितलेलं की साठीनंतर प्रत्येकाने जिभेखालची गोळी जवळ ठेवावीच, छातीत कळ आली की टाकायची. माझ्या अंगावर काटा आला. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र आलं तर बीपी धाडकन कोसळतं, जीव जाऊ शकतो. ती गोळी घेतल्यावर किमान २४ तास नायट्रेट द्यायचं नसतं आणि छातीत दुखलं तर इमर्जन्सीच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं असतं. आणि आपल्याकडे माणूस लाजेने नेमकं हेच लपवतो. डोळ्यांच्या भीतीपेक्षा ही भीती खरी आहे, मला कळकळीने वाटतं की प्रत्येक फिजिशियनने, केमिस्टने हे मोठ्याने विचारावं, बायकोसमोरही.

निघताना काका पुटपुटले, शब्दकोडं सोडवत नाही हल्ली. का? चौकोन वाकडे दिसतात, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात फुगल्यासारखे. कधीपासून? तीन आठवडे झाले. डॉक्टरांकडे गेलो तर औषधं विचारतील, खोटं बोलायला लागेल, म्हणून नाही गेलो.

मी खुर्चीतून उठलेच. सरळ रेघा वाकड्या दिसणं म्हणजे कोरडा प्रकार ओल्या प्रकारात गेल्याची शक्यता, नवीन कमकुवत वाहिन्या गळायला लागतात, त्यात एकेक आठवडा महत्त्वाचा. त्याच दुपारी ओसीटी (पडद्याचा स्कॅन) झाली, डाव्या डोळ्यात पाणी साचलेलं होतं. डॉक्टरांना गोळीचं काकांनी स्वतःच सांगितलं, मी फक्त शेजारी उभी होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले, बस, एवढंच झालं. वर्षभर ज्या क्षणाला घाबरत होते तो अर्ध्या मिनिटात संपला.

काकूंना आत बोलावलं तेव्हा काका भिंतीवरच्या चार्टकडे बघत म्हणाले, मला वाटलं त्या गोळीनेच झालं, म्हणून लांब राहिलो. काकू गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला नीट दिसेना म्हणून मी नकोशी झाले. मी काहीच बोलले नाही, तिथे माझं बोलण्याचं काम नव्हतं.

आता डाव्या डोळ्यात महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झालीत. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सॉर्बिट्रेट पाकिटातून काढायला लावली, सिल्डेनाफिल पुन्हा घ्यायची की नाही हे फिजिशियन आणि पडद्याचे डॉक्टर मिळून ठरवणार आहेत. फ्रीजवर चौकटींचा कागद लावलाय, काका रोज चहाआधी एकेक डोळा झाकून बघतात आणि काकू शेजारी उभ्या राहून विचारतात, आज कोपरा कसा आहे. अजून थोडा फुगलेलाच आहे.