दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा, पूर्ण पगारावर काढायचा की हातात पडणाऱ्या रकमेवर? आणि घरच्या आजारी माणसावर केलेला खर्च त्यात धरता येतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हातात पडतं त्यावर काढा आणि मोकळे व्हा. बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा होता. पगारपत्रकावर वचन शोधत बसलात तर म्हातारे व्हाल.

खरं म्हणजे मी दुसऱ्या प्रश्नासाठी लिहायला बसलोय. हाच प्रश्न एकदा माझ्या घरात उभा राहिला होता आणि त्यापायी मी आणि माझा थोरला भाऊ दीड वर्ष चर्चमध्ये एका बाकावर बसलो नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. आई आधीच वारली होती. दादा आणि मी, दोघेही नोकरीवाले. दिवसभर बाबांजवळ थांबायला माणूस ठेवावा लागला, आणि त्याचा महिन्याचा पगार माझ्या दशमांशाएवढा निघाला. अगदी तेवढाच, जणू कुणी हिशोब करून ठरवला होता. मी चर्चला द्यायचं थांबवलं. पण रविवारी अर्पणाची थैली समोर आली की काहीच न टाकता पुढे सरकवायची लाज वाटायची, म्हणून मी अर्पणाचं कागदी पाकीट रिकामंच टाकायचो.

आमच्याकडच्या पाकिटांवर देणाऱ्याचे नंबर असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरलो म्हणा, किंवा विसरायचं ठरवलं म्हणा. चौथ्या महिन्यात खजिनदारांनी दादाला सांगितलं, कारण दादा चर्चचा पंच. तो घरी आला, बाबांच्या पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, "देवाच्या घरात रिकामं पाकीट? देवाला ठकवून बाबा बरे होणार आहेत का?" बाबांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं. यासाठी मी दादाला अजून पुरती माफी दिलेली नाही.

देवाला ठकवण्याचं ते वचन बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातलं. सगळा दशमांश कोठारात आणा, असं तिथे म्हटलंय. दशमांशावरचा प्रत्येक उपदेश तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. पण ते कोठार कसलं होतं, हे कोण सांगतं? नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढा. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांना त्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. लेव्यांना वतन म्हणून जमिनीचा हिस्सा नव्हता, त्यांचं पोट या दशमांशावर होतं. तेव्हा कोठार म्हणजे धान्याचं कोठार. नहेम्याने वाटपासाठी विश्वासू माणसं नेमली, तीही नावानिशी लिहून ठेवली आहेत. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर याहून पुढची गोष्ट आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात ठेवायचा आणि लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा. इतर वर्षी देवाने निवडलेलं ठिकाण लांब असेल, तर दशमांश विकून पैसे करायचे आणि तिथे जाऊन मन मानेल ते विकत घ्यायचं, बैल, मेंढरं, मद्यसुद्धा, आणि कुटुंबासह खाऊन आनंद करायचा. यावर उपदेश ऐकलाय कधी? मी तरी नाही.

दादाला मी त्या दिवशी मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचून दाखवला. मोठ्याने, बाबांसमोर. (म्हणजे मीही काही कमी नव्हतो.) आईबापांना सांगायचं की माझ्याकडून तुम्हाला जो लाभ झाला असता तो "कुर्बान" आहे, देवाला वाहिलेला आहे, आणि मग त्यांच्यासाठी बोटही उचलायचं नाही. ही युक्ती परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, धर्माच्या नावाखाली चालवून घेत होते आणि येशूने ती पकडली. म्हणाला, तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलंय की मुलांनी आधी आपल्या घरच्यांशी सुभक्तीने वागावं आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत. जो स्वकीयांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. याहून स्पष्ट काय पाहिजे?

दादाचं म्हणणं, कुर्बान सांगणारा काहीच करत नव्हता, तू दोन्ही करू शकतोस आणि करत नाहीस. फटफटी विक.

मी फटफटी विकली नाही.

पुढच्या वर्षीच्या वार्षिक अहवालात वर्गणीदारांची यादी छापून आली. माझ्या नावापुढे आठ महिने आडव्या रेघा. "तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये" असं सांगणाऱ्या प्रभूच्या मंडळीत कोण किती देतो हे छापून वाटणं मला आजही असभ्य वाटतं. खजिनदाराला आकडा माहीत असावा, हिशोब तपासला जावा, हे मान्य. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या पैशाबाबत पौल स्वतः इतका काटेकोर होता की कुणी बोट दाखवू नये म्हणून त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ धाडले. पण तो हिशोब घेणाऱ्यांचा होता, देणाऱ्यांची हजेरी नव्हती. चर्चने पैशाचं काय केलं हे छापा की! ते मात्र आमच्या अहवालात "किरकोळ खर्च" या एका ओळीत असायचं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आईवडिलांवरचा खर्च दशमांशात धरायचा का? तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हटलं असतं. आज नाही म्हणतो, पण कारण दादाचं नाही. आईबापाला देणं हे दान नव्हेच, ते फेडणं आहे. दानाच्या खात्यात ते लिहिलं की आपण उगाच दानशूर ठरतो. मात्र पैसा एकालाच पुरत असेल, तर फेडणं आधी आणि अर्पण मागून. पौल करिंथ शहरातल्या मंडळीला सांगतो की जवळ नाही त्यावरून नव्हे, जवळ आहे त्यावरून देणगी मान्य होते, आणि दुसऱ्यांची सोय व्हावी व तुमची ओढाताण, असा त्याचा हेतू नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांत वर्गणीबद्दल इतकं लिहूनही दहा टक्के हा आकडा त्याने एकदाही काढलेला नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, एवढंच. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरही तेच लिहितो. ज्यांना परवडतं ते मर्जीप्रमाणे देतात, आणि पुढारी त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांना बघतो. दशमांश न देणाऱ्याला बहिष्कृत करायचं ठरलं ते 585 साली, गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, माकोनच्या धर्मसभेत. म्हणजे प्रेषितांनंतर पाचशे वर्षांनी. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही, सणाला सांगेन.

गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांवरून, म्हणजे अगदी लहान नाण्यांवरून, कुणी तुम्हाला लाजवत असेल, तर मार्कच्या त्याच बाराव्या अध्यायातलं चाळिसावं वचन दाखवा. त्या बाईच्या आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतोय. आणि "दे, दुप्पट मिळेल" म्हणणाऱ्याला तर काहीच देऊ नका. ते अर्पण नव्हे, लावलेला पैसा आहे.

हे सगळं वाचून चर्चला द्यायचं बंद करू नका, म्हणजे झालं. हे आधी लिहायला हवं होतं. माझी पाकिटं रिकामी होती त्याच वर्षी आमच्या पाळकसाहेबांचा पगार दोन महिने रखडला. त्यांच्याही घरी आजारी आई होती, हे मला फार नंतर कळलं. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हेही पौलच सांगतो, आणि मी ते वाक्य त्या वर्षी वाचलं नाही. दुसरं, बाबा गेल्यावर मदतनिसाचा पगार थांबला, पण माझा दशमांश काही लगेच सुरू झाला नाही. जवळपास तीन वर्षं नाही. वचनं सगळी तोंडपाठ होती, आणि पैसे खिशात बरे वाटत होते. दादा चौदा महिने रोज रात्री बाबांजवळ झोपला, हेही सांगून टाकतो. मी दिवसाचा माणूस ठेवला होता, त्याने रात्री कुणालाच ठेवलं नाही.

बाबांच्या कपाटात त्यांची हिशोबाची वही निघाली. दर महिन्याला "प्रभूचे" असा रकाना. आजी अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी सात महिने त्या रकान्यात आकडा नाही, फक्त "आई" लिहिलंय. मी वही दादापुढे टाकली. त्याने शांतपणे पान उलटलं. पुढच्या वर्षी "प्रभूचे" एकदम वाढलेलं होतं. दादा म्हणाला, लेवीय सत्तावीस, एकतीस: दशमांश सोडवून घ्यायचा असेल तर पाचवा हिस्सा वर घालून द्यावा, बाबांनी थकलेलं सगळं तसंच भरून काढलं. आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसला. मी म्हटलं, त्या वर्षी बाबांना बढती मिळाली होती, दुसरं काही नाही. त्याचा आकडा जुळत आला होता, पण पुरता जुळला नाही. थोडे कमी पडत होते. त्याचं म्हणणं, एक पान फाटलंय.

वही सध्या त्याच्याकडे आहे.