संचालक आजारी असेल, तर बोर्ड मीटिंगमध्ये त्याच्या जागी पत्नीला मत देता येईल का?

नाही, देता येणार नाही. स्टॅम्प पेपरवर मुखत्यारपत्र केलंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत तुम्ही, काका आणि चुलतभाऊ असे तिघे संचालक आहात, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला महिनाभर घराबाहेर पडता येणार नाही, आणि नेमका त्याच काळात कर्जाचा ठराव येतोय. मी कंपनी सेक्रेटरी आहे. हा घोळ मी बऱ्याच घरच्या कंपन्यांत पाहिलाय. प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी, असते ती भागधारकांच्या सभेला, कंपनी कायद्याच्या कलम 105 खाली. शेअर तुमची मालमत्ता आहे, त्यावरचं मत दुसऱ्याच्या हाती देता येतं. संचालकपद ही मात्र तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि कलम 166 सरळ सांगतं की संचालकाला आपलं पद दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही.

एका कंपनीत आजारी संचालकाचा मुलगा अधिकारपत्र घेऊन बसला, हजेरीपटावर त्याने सहीही केली. बँकेच्या वकिलाने ठराव परत पाठवला. खरा संचालक एकटाच हजर होता, म्हणजे कोरमच (सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) नव्हता. सगळं पुन्हा करावं लागलं, आणि तोवर कर्जाचे दोन महिने गेले.

तुम्ही घरून व्हिडिओवर बसा. कलम 173 तो हक्क तुम्हाला देतं, ती हजेरी कोरममध्ये धरली जाते आणि मतही मोजलं जातं. व्हिडिओने हजर राहणार असल्याचं आधीच लेखी कळवा. नुसता फोन चालत नाही, चेहरा दिसायला हवा. सुरुवातीला तुम्हाला नाव आणि ठिकाण सांगावं लागेल, शिवाय खोलीत दुसरं कोणी हे कामकाज ऐकत नाही असंही सांगावं लागेल. तेव्हा पत्नीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसायला सांगा.

काका कदाचित म्हणतील, कागद फिरवून सह्या घेऊ. बाकी बऱ्याच गोष्टींना ते चालतं, पण कलम 179 प्रमाणे कर्ज काढण्याचा ठराव बोर्डाच्या सभेतच व्हावा लागतो. पर्यायी संचालक नेमायचा तर मूळ संचालक किमान तीन महिने भारताबाहेर हवा, तुम्ही तर घरीच आहात.

आणि कृपा करून 'मी नाही गेलो तर काय बिघडतं' असं म्हणू नका. तिघांत कोरम दोघांचा. काका आणि चुलतभाऊ बसले की सभा वैध. त्या दोघांचं जमलं नाही तरी काका अध्यक्ष असतील आणि तुमच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, अध्यक्षाला निर्णायक मत, म्हणजे बरोबरी झाली तर जादा एक मत, दिलं असेल (बहुतेक छोट्या कंपन्या कायद्यातला नमुनाच उचलतात, त्यात ते असतं), तर काकांच्या दोन मतांवर कर्ज मंजूर होईल. आर्टिकल्स आजच काढून बघा.

ठरावाला तुमचा विरोध असेल तर तो तोंडाने स्पष्ट बोला आणि इतिवृत्तात तुमच्या नावासकट नोंदवायला सांगा. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत तुमच्याकडे यायला हवा. आला की त्यात ती नोंद आहे ना, ते स्वतः वाचा. नसेल तर सात दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या.